पत्रिकांतून वेचलेली अक्षरं

मुकुंदराव दाबके सरांची आणि माझी ओळख एका नापसंत पत्रिकेमुळे झाली. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. माझ्या यजमानांना बिरवाडीजवळच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी लागली आणि आम्ही मुंबई सोडून महाडला आलो. बाजारपेठेतल्या एका छापखान्याच्या पुढच्या खोलीत मी संगणक मांडून बसत असे. गावात तेव्हा संगणक फार नव्हते. लोक दारातून डोकावत, मी टंकलेखन करते की भविष्य सांगते याचा अंदाज घेत आणि पुढे जात.

अशात एक दिवस पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतले गृहस्थ मुलाच्या लग्नाची पत्रिका बघायला आले. मी माझ्याकडचा सगळ्यांत नक्षीदार टाइप वापरून नवरा-नवरीची नावं लावली होती आणि मनातून फार खूश होते. त्यांनी कागद लांब धरला, मग जवळ धरला.

"ताई, झाक हाय," ते म्हणाले. "पण ह्यो कागद घेऊन मी वाडीत फिरनार नाय."

"का हो? काही चुकलंय का?"

"चुकला नाय काय. पण नावां गुरुजींच्या हातची नायत. लोक इचारतील, दाबके गुरुजी वारले काय?"

मला राग आला. हे दाबके गुरुजी कोण ते तरी बघू, म्हणून मी त्यांच्याबरोबरच निघाले. तळ्याजवळच्या आळीत एका बैठ्या घराच्या ओसरीवर सर बोरू तासत बसले होते. हायस्कूलमधून चित्रकलेचे शिक्षक म्हणून ते नुकतेच निवृत्त झाले होते. गावातली मानपत्रं, शाळेची प्रशस्तिपत्रकं आणि लग्नपत्रिकांवरची वधूवरांची नावं तेच लिहीत. नावं ट्रेसिंग पेपरवर लिहून पुण्याला पाठवायची, तिथे त्यांचा छपाईसाठी धातूचा ब्लॉक व्हायचा आणि तो एसटीच्या पार्सलने परत यायचा. बाकीचा मजकूर छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांनी, म्हणजे सुट्या अक्षरांनी, जुळवला जाई. महाडपासून कशेडीच्या घाटापर्यंत कुठल्याही घरातली पत्रिका उघडली, तरी मधली दोन नावं सरांच्या हातची असत.

सरांनी माझी पत्रिका बघितली. तिला वाईट म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "यंत्र चांगलं आहे. पण दोघंही पासपोर्टचा फोटो काढायला उभी राहिल्यासारखी दिसतात." मग मला विचारलं, "तुमचं स्वतःचं अक्षर कसं आहे?"

मी खरं ते सांगितलं. कॉन्व्हेंटमध्ये शिकले, मराठी अक्षर सांगण्यासारखं नाही.

"मग इंग्रजी लिहा."

आमच्या सिस्टर टाक हातात देऊन, चार रेघांच्या वहीत तिरकं, जोडलेलं इंग्रजी अक्षर गिरवून घेत. खाली येताना दाब द्यायचा, वर जाताना हात हलका सोडायचा. मी त्याच वाडीतल्या नवरा-नवरीची नावं तशी लिहिली. सर खाली वाकून नुसत्या माझ्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये. हे बघ. हिच्या हातात सगळं आहे, फक्त मराठी यायचं बाकी आहे."

सुमतीकाकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. कागदाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "शनिवारी सकाळी येत जा. बाकीचे दिवस ते माझं डोकं खातात."

अशी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पुन्हा 'अ' गिरवायला लागले. पुढची कितीतरी वर्षं माझी शनिवारची सकाळ त्या ओसरीवर जाई. बोरू कागदावरून जाताना एक बारीक, कोरडा आवाज होतो. तो आवाज ऐकायला आज मी काय वाटेल ते देईन.

सरांनी मला शिकवलं आणि त्याचबरोबर माझा धंदाही उभा करून दिला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. त्यांच्याकडे नावं घेऊन आलेल्या प्रत्येकाला ते सांगत, "नावं मी लिहितो. बाकीचा मजकूर शैलाताई लावतील, त्यांच्याकडे जा." लोक माझ्याकडे येत ते सरांचा निरोप घेऊन. आपल्या कामावर गदा आणणारं यंत्र गावात आलं, तर माणूस चार हात लांब राहतो. सरांनी त्या यंत्राशेजारी आपली दोन नावं ठेवली आणि आम्हाला पोसलं.

माझ्या सासूबाई साताऱ्याला असत. त्यांना मी नेहमी फोन करत असे, कारण पत्र लिहायची लाज वाटे. सरांनी एकदा मला बसवून त्यांना दोन पानांचं पत्र लिहायला लावलं आणि तीनदा परत लिहून घेतलं. पुढच्या फोनवर सासूबाई म्हणाल्या, "पत्र मिळालं. सूनबाई, लिहायला माणूस ठेवलायस का?" मी हे सरांना सांगितलं तर ते इतके हसले, की काकूंनी आतून विचारलं, "काय सांडलं?" सासूबाई गेल्यावर त्यांच्या ट्रंकेत माझी सगळी पत्रं तारीखवार बांधलेली सापडली. फोन करत राहिले असते तर यातलं काही उरलं नसतं.

आता सरांच्या कामाच्या पद्धतीबद्दल. पत्रिकेत वराचं नाव आधी येतं, वधूचं नंतर. सर मात्र लिहिताना वधूचं नाव आधी लिहीत. कागदाच्या खालच्या भागात तिचं नाव, तिला हवी तेवढी जागा घेऊन. ते वाळलं की वर वराचं, उरलेल्या जागेत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "ती घर सोडून येते आहे. तिला आधी बसू दे. तो काय, आपल्याच घरात आहे, सरकून घेईल." त्यामुळे त्यांच्या पत्रिकांत वधूचं नाव ऐसपैस असे, आणि वराचा एखादा उकार खालच्या नावाला वाट देऊन वळलेला दिसे.

एक बडे गृहस्थ एकदा म्हणाले, "सर, मुलाचं नाव जरा मोठं काढा. इंजिनीअर आहे."

सरांनी गंभीरपणे विचारलं, "मुलीची उंची किती?"

"का बरं?"

"नाही, मुलगा फार मोठा काढला तर हार घालताना तिला स्टूल लागेल. मांडवात स्टूल शोभणार नाही."

गृहस्थ आधी अवघडले, मग स्वतःच हसले. नावं सरांनी नेहमीसारखीच लिहिली.

नव्वदचं दशक सरत आलं आणि एक दिवस भर दुपारी सुमतीकाकू माझ्या खोलीत आल्या. त्या कधी दुकानावर येत नसत. खुर्चीच्या कडेवर बसून त्यांनी आधी पाणी मागितलं.

"हात हलतो गं त्यांचा," त्या म्हणाल्या. "चार महिने झाले. डॉक्टर म्हणाले हे वाढत जाणार. कुणाला सांगू नको म्हणालेत. हल्ली जाड बोरू घेतात, म्हणजे थरथर दिसत नाही." मग त्यांनी माझ्या संगणकाकडे बोट केलं. "तुझ्या ह्या डब्यात त्यांचं अक्षर ठेवता येईल का? हात जायच्या आत?"

मी हो म्हणाले. कसं ते मला माहीत नव्हतं. पुण्याला जाऊन आठवडाभर टाइप तयार करण्याचं काम शिकून आले. कागदावरचं अक्षर संगणकात घ्यायचं, त्याची बाहेरची रेघ नेमकी आखायची आणि ते कळफलकावरच्या एकेका कळीला बांधायचं. मग कळ दाबली की सरांचं अक्षर उमटेल. मानपत्रं, पत्रिका, प्रशस्तिपत्रकं, सगळं त्यांच्या हातचं दिसेल.

सरांना हे मुळीच आवडलं नाही. "अक्षर म्हणजे काय लोणचं आहे, बरणीत भरून ठेवायला?" असं म्हणून ते दोन शनिवार माझ्याशी नीट बोलले नाहीत. तिसऱ्या शनिवारी काकूंनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. तो उचलताना बशीवर वाजला, वाजत राहिला. आम्ही तिघंही त्या आवाजाकडे बघत होतो. सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरं. काय करायचं ते सांग."

आणि इथे मी मोठी चूक केली. मी त्यांना चौकोन आखलेले मोठे कागद दिले आणि सांगितलं, एका चौकोनात एक अक्षर, 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत. मी कॉन्व्हेंटची टापटिपीची मुलगी, ते चित्रकलेचे शिक्षक. दोघांनाही तो चौकोन फार पसंत पडला. सकाळचं औषध घेतल्यावर तासभर त्यांचा हात स्थिर राही. असे दीड महिन्यातले सगळे स्थिर तास आम्ही त्या तक्त्यावर खर्च केले. अक्षरं संगणकात घेतली, टाइप तयार झाला, मी पहिलं नाव लावून बघितलं. सगळी अक्षरं शाळेच्या कवायतीला उभी होती. सरळ, स्वच्छ आणि एकमेकांशी अबोला धरलेली.

सर ते बघून म्हणाले, "हे माझं नाही." त्यांचा आवाज शांत होता. "शाळेत भिंतीवर लावायचा तक्ता झाला हा." तोवर स्थिर तास अर्ध्या तासावर आला होता. मी ओसरीवरच रडायला लागले.

काकू तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अगं, त्यांनी जन्मात कधी नुसता 'क' लिहिलाय का? कुणाचं तरी नाव असायचं. कुणाची तरी कमल, कुणाचा तरी काशिनाथ."

त्या वाक्याने आमचं काम वाचलं. अक्षरं तक्त्यातून नाही, नावांतून घ्यायची. पण नावं तर वाटून झाली होती. ट्रेसिंग पेपर कधीच हरवले होते, ब्लॉक मोडीत गेले होते. उरल्या होत्या फक्त पत्रिका, आणि त्या घराघरांत.

आमच्याकडे लग्नाची पहिली पत्रिका हळदकुंकू लावून देवापुढे ठेवतात. बाकीच्या पत्रिका वाटल्या जातात, रद्दीत जातात. ही एक मात्र कुणी फेकत नाही. देवघराच्या फळीवर, ट्रंकेच्या तळाशी ती राहते. मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायला सुरुवात केली, की दाबके गुरुजींच्या हातची पत्रिका असेल तर दोन दिवसांसाठी द्या. पाचाडपासून कशेडीपर्यंत निरोप कसा गेला मला माहीत नाही. एसटीचे कंडक्टरसुद्धा पाकिटं आणून देऊ लागले. प्रत्येक पत्रिकेच्या कोपऱ्यात हळदीचं बोट होतं. संगणकात घेताना कुणाच्या 'सौ.'वर, कुणाच्या उकारावर पिवळा डाग येई, आणि डागाखालून रेघ शोधून काढावी लागे.

कशेडी घाटाच्या पायथ्याशी खाणावळ चालवणाऱ्या एक बाई स्वतः पत्रिका घेऊन आल्या. त्यांचं माहेरचं नाव मंजुळा.

"ह्यातला काय पायजे ता घ्या," त्या म्हणाल्या. "पण कागद उद्या परत दे गो बाय. ह्यांना सांगून नाय आनलाय."

"तुमचा 'ळ' फार सुंदर आहे," मी म्हटलं.

"माझा कुठला? गुरुजींचा." मग त्यांनी नावावर बोट ठेवलं. "पण खरा सांगू? माझा नाव एवढा मोठा कधी कुनी लिवलाच नाय, ना आधी ना मागून."

ही पत्रिका मी सरांना दाखवली. ते ती उजेडात धरून निरखू लागले. गोळा झालेल्या पत्रिका बघता बघता त्यांना एकेक लग्न आठवू लागलं. कुणाचा बाप नाव सांगताना रडला होता, कुणी नारळाऐवजी फणस आणून दिला होता. तो महिना आम्हा तिघांचा फार सुखाचा गेला. सरांचा हात घसरत होता आणि घरात मात्र रोज लग्नं लागत होती.

काही अक्षरं कुठल्याच पत्रिकेत मिळाली नाहीत. "ढ नावाची नवरी आणायची कुठून?" काकू विचारत. ती सरांनी नव्याने लिहून दिली, पण आता नुसती नाही. मी एखादं आडनाव द्यायची, ढवळे म्हणून, आणि सोबत एक खोटी वधू, खोटा वर. सर विचारत, "मुलगी कुठली?" मी म्हणायची, "बिरवाडीची." मग ते तिचं नाव आधी लिहीत. स्थिर वेळ तेव्हा दहा मिनिटांवर आली होती. शेवटचं अक्षर लिहून झालं त्या दिवशी त्यांनी बोरू धुतला, पुसला आणि पेटीत ठेवला. त्यानंतर त्यांनी ती पेटी उघडलेली मी पाहिली नाही.

टाइप पुरा झाला. त्याला काय नाव द्यायचं यावर सर म्हणाले, "नाव नको." मी त्याचं नाव 'सुमती' ठेवलं. काकू लाजल्या, आणि सर म्हणाले, "घ्या, आता अख्खा तालुका हिच्या हाताखाली." गेल्या काही वर्षांत या भागातली शेकडो मानपत्रं, प्रशस्तिपत्रकं, निमंत्रणं 'सुमती'त छापली गेली. आता मुंबईचे चाकरमानीही ती गावच्या पत्रिकेसाठी मागून नेतात. माझ्या लेकीच्या लग्नाची पत्रिकाही तिच्यातच झाली.

पण सरांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात खोटं लिहू नये. लेकीची पत्रिका लावताना मी फार वेळ पडद्यासमोर बसून होते. दोन्ही नावं एका मापाची आली. कुणी कुणासाठी सरकलं नाही. मी हाताने ओढूनताणून तिच्या नावाला थोडी जागा करून दिली, तरी ते सरांनी केल्यासारखं दिसेना. आणि आता नावं सांगायला त्या ओसरीवर कुणी जात नाही. फोनवर कळवतात, मी लावते, तासाभरात पत्रिका तयार होते. जे वाचवायला निघालो ते वाचलं, आणि जिच्यामुळे ते घडत होतं ती सकाळ निघून गेली. तिची मला रोज आठवण येते.

या ग्रंथाचं मुखपृष्ठ करण्याचं काम समितीने माझ्यावर सोपवलं. मागच्या आठवड्यात नमुना घेऊन मी सरांकडे गेले. नाश्ता करून ते खिडकीशी बसले होते. हात मांडीवर, एकावर एक ठेवलेले. मी कागद पुढे धरला. मधोमध त्यांचं नाव होतं.

"हे मी कधी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही नाही लिहिलंत, सर. तुम्ही सगळ्यांची लिहिलीत, स्वतःचं कधी लिहिलं नाहीत. हे मी जुळवलं."

त्यांनी एकेक अक्षर नजरेने तपासलं. वयाच्या पन्नाशीनंतरही माणूस परीक्षेच्या निकालाची वाट बघत उभा राहतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"'क' आणि 'द'मध्ये हवा जास्त झाली आहे," ते म्हणाले. "आणि हा 'द' कुणाचा घेतलास?"

मी आठवून सांगितलं, "पोलादपूरच्या दगडूचा."

"तरीच. घाईत आहे. त्याची पत्रिका आठ दिवसांत हवी होती, मुहूर्त गाठायचा होता. दुसऱ्या कुणाचा तरी घे."

कुठे काय सरकवायचं ते दाखवायला त्यांनी बोट उचललं. ते कागदावर टेकेना, अक्षराभोवती फिरत राहिलं. काकूंनी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि बोट जागेवर आलं. मी घरी जाऊन अक्षर बदललं, सरकवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. मग तिसऱ्या दिवशी. चौथ्या दिवशी सरांनी मान हलवली आणि म्हणाले, "आता बसलं." या ग्रंथावर तुम्ही जे नाव पाहता ते असं बसलेलं आहे.

मुकुंदराव दाबके सर आता पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांच्या अक्षरांची काळजी मिटली आहे, ती आमच्या मागेही राहतील. पण अक्षर बसलं की नाही हे सांगणारी नजर मला कुठल्याही यंत्रात ठेवता आली नाही. ती फक्त त्या खिडकीशी आहे. सरांना आणि काकूंना उत्तम आरोग्य लाभो. आम्ही पुढची पुष्कळ वर्षं त्यांच्याकडे कागद घेऊन जाऊ, आणि आमच्या प्रत्येक कागदात त्यांना काहीतरी खटकत राहो.